घरी मल्टी-जिम: जागा मोजण्यापासून शेवटचा बोल्ट आवळेपर्यंत

मल्टी-जिम, म्हणजे एकाच फ्रेमवर अनेक व्यायाम करता येणारं मशीन, घ्यायचं ठरलं की दुकानात गेल्या गेल्या बहुतेक जण एकच विचारतात: "किती किलोचं आहे?" खरं तर हा प्रश्न तिसरा-चौथा यायला हवा. मशीन घरात नेमकं कुठे उभं राहणार हा पहिला प्रश्न, आणि त्याचे पाइप, पुल्या आणि केबल कशा आहेत हा दुसरा. वजनाच्या प्लेटा कधी बिघडत नाहीत. बिघडते ती केबल, कुरकुरते ती पुली आणि हलते ती पातळ पाइपची फ्रेम. म्हणून पैसे तिथे घाला आणि जोडणीच्या दिवशी लक्षही तिथेच ठेवा. या लेखाचा सगळा भर त्यावर आहे.

एका फ्रेमभोवती बरेच व्यायाम बसवायची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत हॅरॉल्ड झिंकिन यांनी १९५७ साली 'युनिव्हर्सल' नावाचं असं मशीन आणलं. त्याच्याभोवती एकाच वेळी अनेकांना व्यायाम करता यायचा. आपण घरी घेतो त्याला मात्र बहुधा एकच वेट स्टॅक (एकावर एक रचलेल्या वजनाच्या प्लेटांचा ढीग) असतो, म्हणजे एका वेळी एकच माणूस. 'मल्टी' म्हणजे व्यायाम अनेक, माणसं अनेक नव्हेत. घरात नवरा-बायको, कॉलेजातला मुलगा आणि साठीतले वडील असे सगळे वापरणार असतील, तर या मशीनसारखी सोय नाही. पिन काढून दुसऱ्या भोकात घातली की वजन बदललं. बारबेल छातीवर अडकण्याची भीती नाही, त्यामुळे मागे कुणी उभं राहायला लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करायला सांगते. तेवढ्यासाठी घरातलं मशीन पुरून उरतं. तुम्हाला जड स्क्वॅट आणि डेडलिफ्टच करायचे असतील तर मात्र हे मशीन घेऊ नका. त्याला रॅक आणि बारबेलच हवा.

आधी टेप, मग दुकान

कंपनीच्या पत्रकात साधारण ४ बाय ६ फूट अशी मापं दिलेली असतात. ती फक्त लोखंडाची मापं आहेत, त्यावर बसलेल्या माणसाची नव्हेत. लेग एक्स्टेन्शन (सीटवर बसून पाय सरळ करायचा व्यायाम) करताना पाय पुढे दोन-अडीच फूट जातात. खालच्या पुलीवर रोइंग करायला माणूस समोर जमिनीवर पाय पसरून बसतो, त्याला चार फूट तरी लागतात. लॅट पुलडाऊनचा (डोक्यावरून खाली ओढायचा) दांडा चार फुटांच्या आसपास रुंद असतो, आणि बटरफ्लायचे (छातीसमोर मिटायचे) हात उघडले की कोपर दोन्ही बाजूंना बाहेर येतात. त्यामुळे ७ बाय ८ फूट मोकळी जागा धरून चला. मागे स्टॅकच्या बाजूलाही फूटभर मोकळं ठेवा, नाहीतर पुढे केबल बदलायच्या वेळी अख्खं मशीन ओढावं लागेल.

जमिनीवर कागदी चिकटपट्टीने मशीनचा चौकोन आखा. सीट येईल तिथे खुर्ची ठेवा, तिच्यावर बसून हात आडवे पसरा, पाय लांब करा. दार पूर्ण उघडतं का, कपाटाचं दार अडतं का, खिडकीपर्यंत पोचता येतं का, ते बघा. ही चिकटपट्टी दोन दिवस तशीच राहू द्या. घरातली माणसं त्या चौकोनातून दिवसभर किती वेळा जातात ते कळेल, आणि मग खोली बदलायची की नाही ते आपोआप ठरेल.

उंचीचं काय? ही मशीनं साधारण सात फूट उंच असतात. बांधकामाच्या नियमांप्रमाणे राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट असते, त्यामुळे साध्या खोलीत अडचण येत नाही. अडचण येते ती फॉल्स सीलिंग, माळा किंवा खाली उतरलेली तुळई असेल तिथे. जोडताना वरची आडवी फ्रेम उचलून गाइड रॉडवर (प्लेटा ज्यांच्यावरून वर-खाली सरकतात त्या उभ्या दांड्यांवर) बसवावी लागते, म्हणून मशीनच्या उंचीवर आणखी निदान सहा इंच मोकळे हवेत. मशीनला वर चिन-अपचा दांडा असेल तर पंख्याचं पातं कुठून कुठे फिरतं ते मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. लटकून स्वतःला वर खेचणाऱ्या माणसाचं डोकं दांड्याच्याही वर जातं.

आता स्लॅबची काळजी. आय. एस. ८७५ या भारतीय मानकात घरातल्या खोल्यांसाठी चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने २०० किलो, इतका वापराचा भार धरलेला असतो. ७० किलोच्या स्टॅकचं घरगुती मशीन फ्रेमसकट दीडशे किलोच्या आसपास जातं. त्यात ८० किलोचा माणूस मिळवला आणि हा भार दोन-सव्वादोन चौरस मीटरवर पसरला, तर चांगल्या आर.सी.सी. इमारतीत घाबरायचं कारण नाही. बाल्कनीत मात्र ठेवू नका, मग ती काचेने बंद केलेली का असेना. ती बाहेर लटकलेली असते, जुन्या इमारतींत आतल्या सळया गंजलेल्या असू शकतात, आणि पावसाळ्यात मशीनचाही गंज तिथूनच सुरू होतो. जुन्या वाड्यात लाकडी तक्तपोशीवर राहत असाल तर तळमजल्यावरची फरशी हीच एक जागा.

लिफ्टही आधीच मोजा. सहा माणसांच्या लिफ्टची क्षमता ४०८ किलो असते, त्यामुळे वजनाचा प्रश्न येत नाही, लांबीचा येतो. उभे खांब आणि गाइड रॉड यांचं खोकं चांगलंच लांब असतं, ते लिफ्टमध्ये तिरकं उभं राहतं का ते बघावं लागतं. राहत नसेल तर जिन्याचं वळण मोजा. सोसायटीच्या ऑफिसात आधी सांगून ठेवा. हमालांची मजुरी 'घरपोच' मध्ये धरली आहे की 'गेटपर्यंत'च, हेही दुकानदाराकडून लिहून घ्या. टेम्पो दारात उभा असताना ही घासाघीस नको.

दुकानात काय तपासायचं

मुंबईत धोबी तलावला खेळाच्या सामानाची दुकानं ओळीने आहेत. मेरठ आणि जालंधर ही या धंद्याची मोठी ठिकाणं. कुठूनही घ्या, पण शक्य असेल तर जोडलेल्या मशीनवर बसून मग घ्या. जाताना टेप, व्हर्निअर (पत्र्याची जाडी मोजायचं साधन) आणि सामान तोलायचा हातकाटा बरोबर असू द्या, प्रवासाच्या बॅगा तोलायला वापरतो तो.

पाइपपासून सुरुवात करा. विक्रेता गेजमध्ये बोलतो आणि गेजचा आकडा उलटा चालतो: आकडा लहान, पत्रा जाड. १६ गेज म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर, १४ म्हणजे २, १२ म्हणजे २.६. मुख्य खांबाच्या टोकाची प्लास्टिकची टोपी काढून कडेला व्हर्निअर लावा. ५० बाय ५० मिलिमीटरचा चौकोनी पाइप आणि २ मिलिमीटर जाडी, याच्या खाली जाऊ नका. घरात कुणी शंभर किलोच्या आसपास वजनाचं असेल तर आणखी जाड घ्या, आणि माणसाच्या वजनाची मर्यादा पत्रकात छापलेली आहे ना तेही बघा. वेल्डिंग सलग आहे की टाके टाकून सोडलंय, हे सांध्यावर बोट फिरवलं की कळतं. मग सीटवर बसून दोन्ही हातांनी खांब जोरात हलवा. जोडलेलं मशीन डुगडुगत असेल तर ते घरी येऊन स्थिर होणार नाही.

पुली बोटाने फिरवून सोडा. बेअरिंगची चांगली पुली सोडल्यावरही थोडा वेळ आवाज न करता फिरत राहते. नुसत्या बुशवरची (बेअरिंगऐवजी साध्या नळीवरची) पुली लगेच थांबते, आणि काही महिन्यांत कुरकुर करायला लागते. पुली फार लहान असेल तर केबल तिच्यावर जास्त वाकते आणि आतल्या तारा लवकर तुटतात. ९० मिलिमीटर व्यासाच्या किंवा त्याहून मोठ्या पुल्या बऱ्या. केबल प्लास्टिकच्या आवरणाची पोलादी तारच हवी. तिचा सुटा संच आज किती रुपयांना मिळतो ते विचारा, आणि जमलं तर तेव्हाच एक घेऊन ठेवा. मॉडेल बंद झालं की त्या मापाची केबल शोधणं फार जिकिरीचं होतं.

आता तो लाडका प्रश्न, वजन. एक म्हणजे पौंड आणि किलोची गल्लत. १५० पौंड म्हणजे ६८ किलो. दुसरं म्हणजे पुल्यांची रचना. केबल एका सरकत्या पुलीतून दुमडून येत असेल तर ५० किलोची पिन लावली तरी हाताला साधारण २५ किलोच लागतात. विक्रेता हे आपणहून सांगेलच असं नाही. पिन २० किलोला लावा, खालच्या पुलीच्या हुकाला हातकाटा अडकवा आणि प्लेटा उचलल्या जाईपर्यंत हळूहळू ओढा. काटा जो आकडा दाखवेल तेच तुमचं खरं वजन. घर्षणामुळे थोडा फरक येतो, पण निम्मं की पूर्ण हे तिथल्या तिथे कळतं.

नियमित व्यायाम करणाऱ्याला ७० किलोच्या आसपासचा स्टॅक बरीच वर्षं पुरतो. ज्येष्ठांना आणि नवख्यांना मोठा स्टॅक कामाचा नसतो, त्यांना बारीक टप्पे लागतात. प्लेटा पाच-पाच किलोच्या असतील तर पाचवरून एकदम दहावर जावं लागतं, आणि दुखऱ्या खांद्याला ती उडी झेपत नाही. अडीच किलोची वर ठेवायची जोड-प्लेट मिळते का, हे जरूर विचारा. प्लेटा लोखंडी घ्या. प्लास्टिकच्या कवचात सिमेंट भरलेल्या प्लेटा स्वस्त पडतात, पण कवच तडकलं की भुकटी गळते आणि ती गाइड रॉडवर बसते.

स्टेशनांची यादी लांबलचक असली म्हणून भुलू नका. छातीचा प्रेस, वरची पुली, खालची पुली आणि पायांचा लिव्हर, एवढं चांगलं असलं की झालं. खालची पुली नसलेलं मशीन मी कुणालाच सुचवणार नाही. पाठीचं रोइंग, बायसेप्सचा कर्ल, उभ्याने करायचे कितीतरी व्यायाम तिच्यावरच होतात. सीटची उंची बदलते ना आणि घरातल्या सगळ्यात बुटक्या माणसाचे पाय टेकतात ना, हे त्या माणसालाच बसवून बघा.

घरगुती एका स्टॅकची मशीनं वीस-पंचवीस हजारांपासून सुरू होतात. बिल जीएसटीचंच घ्या. जोडणीचा खर्च, वॉरंटीत केबल आणि पुली धरली आहे की नाही, हे सगळं त्या बिलावरच लिहून घ्या. तक्रारीची वेळ आलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि तिथे कागद लागतो.

बंद पडलेल्या जिमचं जुनं मशीन स्वस्तात मिळत असेल तर तेही वाईट नाही. त्याची फ्रेम बहुधा घरगुती मशीनपेक्षा दणकट असते. मात्र केबली सगळ्या बदलायच्याच हे धरून भाव करा, गाइड रॉडवर गंजाचे खड्डे असतील तर सोडून द्या, आणि ते सुटं करण्यापूर्वी प्रत्येक पुलीवरून केबल कशी गेली आहे त्याचे भरपूर फोटो काढा.

जोडणीचा दिवस

कंपनीचा फिटर येणार असला तरी हा भाग वाचा, कारण त्याला दिवसभरात आणखी दोन-तीन घरं गाठायची असतात. स्वतः जोडणार असाल तर दोन माणसं आणि अख्खा अर्धा दिवस हाताशी ठेवा. खोक्यातला पत्र्याचा चपटा पाना बाजूला ठेवून द्या. १३, १७ आणि १९ नंबरचे रिंग पाने प्रत्येकी दोन लागतात, कारण एकाने बोल्ट धरायचा आणि दुसऱ्याने नट फिरवायचा. ५, ६ आणि ८ च्या अॅलन की, रबरी हातोडा, पाणसळ, टेप आणि सिलिकॉनचा स्प्रे एवढं जमवा.

खोकी फोडताना व्हिडिओ काढा. मग पुस्तिकेतल्या यादीप्रमाणे भाग जमिनीवर मांडा. बोल्ट लांबीप्रमाणे वेगळे करून वाट्यांमध्ये ठेवा. लांबी डोक्याच्या खालून टोकापर्यंत मोजतात. ७० मिलिमीटरच्या जागी ७५ चा बोल्ट गेला तर तो बसतो खरा, पण पुढे ७५ च्या जागी ७० चा आखूड पडतो आणि नटात पुरेसे आटे जात नाहीत. एखादा भाग कमी निघाला तर जोडणी तिथेच थांबवा.

खाली रबरी मॅट अंथरा, निदान १० मिलिमीटरची. तिच्यावर पायाची फ्रेम ठेवून पाणसळ लावा. आपल्याकडे खोल्यांच्या फरशीला कधी कधी दाराकडे किंवा बाथरूमकडे उतार असतो. उतार आढळला तर मशीनच्या पायाखाली रबराच्या चकत्या देऊन तो आत्ताच काढा. मशीन तिरकं राहिलं तर प्लेटा गाइड रॉडला घासत वर जातात.

मग खांब उभे करा. इथला नियम एकच: वरची फ्रेम बसेपर्यंत एकही बोल्ट पूर्ण आवळायचा नाही. नट हाताने फिरेल तेवढाच फिरवायचा. नायलॉक नट असेल तर त्यातलं नायलॉनचं कडं लागलं की हाताने फिरत नाही, तिथे थांबायचं. खालचे बोल्ट आधीच आवळले तर वरची भोकं जुळत नाहीत, मग माणूस हातोडा घेतो, बोल्ट तिरका शिरतो आणि आटे खराब होतात.

दोन्ही गाइड रॉड पायात उभे करा, त्यांच्यावर रबरी गाद्या सरकवा. रॉड कोरड्या फडक्याने पुसून सिलिकॉनचा हलका हात द्या. ग्रीस किंवा खोबरेल तेल नको, त्याला धूळ चिकटते. आता प्लेटा, एकेक करून. एकाने रॉड वरून धरायचे, दुसऱ्याने प्लेट दोन्ही हातांनी आडवी धरून सरकवायची. बोटं प्लेटच्या कडेला ठेवायची, खाली कधीच नाहीत. प्रत्येक प्लेटला पिनसाठी खाच असते. पुस्तिकेत दाखवलेल्या बाजूला आणि सगळ्या प्लेटांची एकाच दिशेला येईल अशीच ती बसवा. मधला भोकांचा दांडा आणि सगळ्यात वरची प्लेट बसली की लगेच पिन प्रत्येक भोकात घालून बघा. एखादी प्लेट उलटी गेली असेल तर पिन तिथे अडते. ती आत्ता काढणं पाच मिनिटांचं काम आहे. वरची फ्रेम चढल्यावर कळलं तर अर्धं मशीन उतरवावं लागतं.

वरची आडवी फ्रेम चढवताना दोघंही लागतात. ती बसली की स्टॅक हाताने वर-खाली सरकवून बघा, मग खालून वर जात सगळे बोल्ट आवळा. एका बाजूचा एक, मग समोरचा, असं आलटून पालटून. आवळून झाल्यावर स्टॅक पुन्हा सरकवा. आधी मोकळा होता आणि आता अडकतोय, तर कुठेतरी रॉड तिरका झाला आहे. तिथले बोल्ट ढिले करून पुन्हा जुळवा. सीट, पाठीची गादी, प्रेसचे हात, पायाचा लिव्हर, ही सगळी सोपी कामं. सरकणाऱ्या सांध्यांचे बोल्ट एवढेच आवळा की हात खेळता राहील पण डगडगणार नाही.

केबल ओवायला मात्र घाई करू नका. बहुतेक मशीनांत दोन किंवा तीन वेगवेगळ्या लांबीच्या केबली असतात. त्या आधी जमिनीवर सरळ पसरून मोजा, आणि पुस्तिकेतल्या आकृतीत कोणती कुठून निघून कुठे जाते ते बोटाने गिरवा. वरच्या केबलचं एक टोक गोळीने अडतं, दुसऱ्या टोकाला बहुधा आट्यांचा बोल्ट असतो आणि तो स्टॅकच्या दांड्यात शिरतो. तो निदान अर्धा इंच, म्हणजे १२ मिलिमीटर तरी आत गेला पाहिजे, आणि त्याच्यावरचा चेक नट (बोल्ट आपोआप फिरू नये म्हणून लावलेला जादा नट) घट्ट बसला पाहिजे. लॅट पुलडाऊनचा दांडा डोक्याच्या बरोबर वर असतो. हे टोक निसटलं तर तो थेट डोक्यावर येतो.

प्रत्येक पुलीजवळ केबल खाचेतच आणि तिला अडवणाऱ्या पट्टीच्या आतूनच गेली पाहिजे. पट्टीच्या बाहेरून गेलेली केबल पहिल्या दिवशी चालते, पण नंतर उडून पुली आणि पत्र्याच्या फटीत जाते आणि सोलवटते. पुलीचा बोल्ट आवळल्यावर ती बोटाने फिरवून बघा. फिरत नसेल तर पाव आटा ढिला करा.

ताण जुळवायला सरकत्या पुल्यांच्या पट्टीवर दोन-तीन भोकं असतात. सगळ्यात वरची प्लेट खालच्या प्लेटवर टेकलेली असावी आणि केबल कुठेही लोंबत नसावी. प्लेट किंचित उचललेली दिसली तर ताण जास्त झाला, पिन अडखळत जाईल. हँडल ओढल्यावर दोन-तीन इंच नुसतंच पुढे येत असेल तर ताण कमी आहे.

पहिली चाचणी सगळ्यात हलक्या वजनावर घ्या. एकाने प्रत्येक स्टेशनवर पाच-सहा वेळा हळूहळू ओढायचं, दुसऱ्याने बॅटरी घेऊन पुल्यांकडे बघत राहायचं. मग मध्यम वजन, मग जड. फिटरने जोडलं असेल तर हे सगळं झाल्यावरच त्याच्या कागदावर सही करा.

वापरताना

पहिल्या आठवड्यानंतर सगळे बोल्ट पुन्हा एकदा पान्याने तपासा, कारण रंगाचा थर दबल्यामुळे ते थोडे ढिले होतात. पुढे महिन्यातून एकदा पुरे. वजन धाडकन खाली सोडू नका. खालच्या घरातल्यांना त्रास होतो आणि केबललाही झटका बसतो. शेजाऱ्यांच्या बेडरूमला लागून असलेल्या भिंतीला मशीन टेकवून ठेवू नका.

घरात लहान मुलं असतील तर व्यायाम झाल्यावर पिन काढून उंचावर ठेवायची सवय लावा. पिन नसली तरी वरची प्लेट उचलली जाते, म्हणून स्टॅकभोवती जाळी किंवा पत्र्याचं झाकण असलेलं मशीन अशा घरासाठी बरं. ते नसेल तर खोलीला कडी हवीच.

कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात राहत असाल तर जून ते सप्टेंबर गाइड रॉड दर आठवड्याला पुसून सिलिकॉनचा पातळ थर द्या. रंगाचा टवका उडालेला दिसला की त्याच दिवशी घासून रंग लावा.

केबलवरून दर महिन्याला जुनं सुती फडकं फिरवा. फडक्याचा धागा कुठे अडकला, आवरणाला चीर दिसली किंवा टोकाजवळ केबल फुगलेली वाटली, तर त्या दिवसापासून ते स्टेशन बंद ठेवा आणि नवी केबल मागवा. चीर चिकटपट्टीने झाकू नका, आत तारा तुटत राहतात आणि दिसत नाहीत. नवी आल्यावर जुनी टाकून देण्याआधी दोन्ही जमिनीवर शेजारी शेजारी ताणून लांबी आणि टोकांचे नट ताडून बघा, आणि फरक इंचापेक्षा जास्त असेल तर तिथूनच परत पाठवा.